मटणाच्या खड्ड्यातले ग्रीक

"बाई, हे पाहिलेलं, ऐकलेलं की ठोकलेलं?"

स्टिअरिंगवरून एक बोट उचलून आमच्या शाळेतले इतिहासाचे सर हा प्रश्न विचारायचे. मी एवढंच म्हटलेलं असायचं की, पुढे अपघात झालेला दिसतोय, म्हणून गाड्या तुंबल्यात. अपघात मी पाहिलेला नसायचा आणि कुणी सांगितलेलाही नसायचा.

"ठोकलेलं," मी म्हणायचे.

"शाब्बास," म्हणून ते खुशीत ब्रेकवरचा पाय काढायचे आणि गाडी चार हात पुढे सरकायची.

मस्कतमधल्या एका भारतीय शाळेत मी रसायनशास्त्र शिकवत होते. सर आणि आम्ही शहराच्या टोकाला, माबेल्याला राहायचो. तिथून शाळा लांब, म्हणून सकाळी त्यांच्या गाडीत पुढे मी आणि मागे माझी दहावीतली मुलगी, अशी आमची वरात निघायची. सर रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. घरी फोनवर ते त्यांच्या मुसलमानी कोकणीत बोलायचे आणि फोन ठेवला की माझ्याशी इतकं स्वच्छ मराठी, की नाशिकची असूनही मी सांभाळून बोलायचे.

पुस्तकात मुघल होते, फ्रेंच राज्यक्रांती होती. सरांचा जीव मात्र ग्रीकांवर. ग्रीसला ते कधी गेलेले नव्हते, आणि ते स्वतःच सांगायचे, "माझं सगळं ऐकलेलं आहे." ज्या ग्रीक माणसाने पहिल्यांदा इतिहास लिहायला घेतला, त्याचं नाव ते शेजारच्या बिल्डिंगमधला असल्यासारखं घ्यायचे. "त्याच्या आधी काय होतं? देव आणि गाणी. हा पठ्ठ्या बोटीत बसून गावोगाव गेला आणि माणसांना विचारत सुटला, लढाई का झाली? पाहिलेलं वेगळं सांगितलं, ऐकलेलं वेगळं. पटलं नाही तेही लिहिलं आणि पटत नाही असंही लिहिलं."

मागून मुलगी विचारायची, "आणि सर, त्याला कुणी खोटं सांगितलं तर?"

"ते तर हमखास सांगायचे!" सर आनंदाने म्हणायचे.

एकदा पेट्रोल पंपावर त्यांनी आम्हाला ग्रीक शिल्पकला शिकवली. हात ताठ, मुठी मांड्यांना चिकटलेल्या, डावा पाय पुढे, ओठांवर उगाचच हसू. "हा जुना पुतळा." मग त्यांनी एका पायावर भार टाकला, एक खांदा किंचित उतरवला. "आणि हा नंतरचा. एवढं सैल व्हायला त्यांना कित्येक पिढ्या लागल्या, बाई." पंपावरच्या माणसाने धावत खुर्ची आणून दिली. त्याला वाटलं, सरांच्या कमरेत उसण भरली.

अशा माणसाची नोकरी आमच्याकडे टिकणं अवघडच होतं. गल्फमधले आईबाप मुलांना सायन्सला घालतात, नाहीतर कॉमर्सला. अकरावीच्या ह्युमॅनिटीजला मुलं मिळेनात. मॅनेजमेंटने सांगून टाकलं, पुढच्या वर्षी पंधरा मुलं आली नाहीत तर तुकडी बंद. खालचे वर्ग दुसरं कुणीही घेऊ शकत होतं. म्हणजे तुकडी खलास तर सरांचा व्हिसाही खलास.

हातात एकच गोष्ट होती, हिवाळ्यातलं शाळेचं प्रदर्शन. तिथे आईबापांना इतिहास दाखवायचा असं सरांनी ठरवलं. दहावीची मुलं बसवून ग्रीक मडकी करायला घेतली. लाल अंगावर काळ्या आकृत्या, धावणारे गडी. मुलांनी कच्ची चित्रं काढली आणि प्रिन्सिपल मॅडम पाहायला आल्या.

"सर, इनके कपड़े कहाँ हैं?"

"मॅडम, ये लोग दौड़ते वक़्त कपड़े नहीं पहनते थे."

मॅडमनी चित्र हातात घेऊन पाहिलं. "तो इनको बिठा दीजिए."

सर बसवायला तयार नव्हते. ऑइलपेंट वापरायलाही तयार नव्हते. "खोटा काळा नको. खरा पाहिजे. बाई, त्यांचा काळा कसा व्हायचा?"

ते मात्र माझं खातं. मातीत लोह असतं. आधी भट्टीत हवा सोडायची, मग बंद करायची म्हणजे सगळं काळं पडतं, मग पुन्हा सोडायची म्हणजे मडकं परत लाल होतं आणि वर लावलेला पातळ चिखलाचा थर काळाच राहतो. मी हे सांगितलं आणि पुढे स्पष्ट सांगितलं, की शाळेत भट्टी नाही, तेव्हा ऑइलपेंट आणा.

सर गेले डोंगराकडच्या रुस्ताक गावाला. तिथे त्यांचा एक ओमानी दुकानदार मित्र होता. बकरी ईद तोंडावर होती, आणि ईदला तिकडे शुवा करतात. मसाला लावलेलं मटण पानांत गुंडाळून निखाऱ्यांच्या खोल खड्ड्यात उतरवायचं, वर झाकण, झाकणावर माती. आख्ख्या आळीचं मटण एका खड्ड्यात, आणि ठरलेल्या वेळेआधी झाकण हलवायचं नाही.

"सर, भट्टी वेगळी आणि मटणाचा खड्डा वेगळा," मी म्हटलं.

"हवा बंद होते ना?"

"होते, पण..."

"मग इन्शाल्ला."

पातळ चिखलाने गडी रंगवलेली मडकी मटणाशेजारी गेली. हवा बंद झाली. रात्र गेल्यावर सरांनी मित्राला विनंती केली, की झाकण जरा फटीएवढं उघडू या, मडक्यांना आता हवा लागेल. सगळी आळी त्यांच्याकडे बघायला लागली. पन्नास घरांचं मटण कच्चं ठेवा म्हणणारा माणूस रुस्ताकने प्रथमच पाहिला होता. मित्राने त्यांना हाताला धरून घरात नेलं आणि कॉफी पाजली.

शेवटी झाकण उघडलं तेव्हा मटण उत्तम झालं होतं आणि मडकी आतून, बाहेरून, बुडासकट काळीकुट्ट. एकही गडी दिसेना. प्रिन्सिपल मॅडमचा प्रश्न मिटला.

दुसऱ्या कुणी ती फेकली असती. सरांनी ती टेबलावर मांडली आणि समोर पाटी लावली: 'या मडक्यावर चार धावपटू आहेत. ते आम्ही पाहिले आहेत. तुम्ही ऐकत आहात.'

मडक्यांना लवंग-वेलचीचा आणि चरबीचा असा वास येत होता, की माझ्या रसायनाच्या टेबलासमोरचे पालक उठून तिकडे गेले. एक मुलगी सांगत होती, हवा मिळाली नाही. दुसरी सांगत होती, लोकांनी झाकण उघडू दिलं नाही. एक मुलगा सांगत होता, नागड्या माणसांना स्वतःचीच लाज वाटली. सर मध्ये उभे राहून पालकांना विचारत होते, "बोला, यातलं तुम्ही कुठलं लिहाल?" आणि बँकेत, तेल कंपनीत काम करणारे बाप हमरीतुमरीवर आले होते.

एवढं करून अकरावीला नावं आली चौदा.

त्या आठवड्यात सरांनी गाडीत नुसत्या रेडिओवरच्या बातम्या लावल्या. ग्रीकांशिवाय माबेल्याचा रस्ता फार लांब व्हायचा.

मुलीने घरी सांगितलं, "मम्मी, मी ह्युमॅनिटीज घेते."

"सरांची दया आली म्हणून?"

"नाही ग. तू शिकवते तेव्हा तुला आन्सर आधीच माहीत असते. सर खरंच विचारतात. मला ते जास्त आवडते."

मी दोन दिवस भांडले. मग सही केली. प्रेमाने वगैरे नाही, चिडून केली. तिला इंजिनिअर करायचं मी ठरवलं होतं, आणि तिचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून ती म्हणाली, "सर, पंधरावी मी."

सरांनी गाडी हायवेच्या कडेला घेतली. "घरी भांडण झालं?"

"झालं."

"बाबा काय म्हणाले?"

"ते झोपले."

सर माझ्याकडे वळले. "बाई, माझ्यासाठी असेल तर नको. गावी कलमं आहेत, घर आहे, माझं भागेल. पोरीचं आयुष्य माझ्या व्हिसासाठी नाही."

"पहिला तास माझा आहे," मी म्हटलं. "गाडी काढा."

तुकडी चालली. त्या पंधरा जणांची दोन वर्षं पूर्ण झाली. त्यांच्यामागून अकरावीला नावं आली सहाच, म्हणून नवी तुकडी निघाली नाही. सरांनी गाडी विकली, टेबल आवरलं आणि एका गुरुवारी गेले. निरोपसमारंभात बाकीचे शिक्षक मला भाषण कर म्हणाले, मी केलं नाही. मला भाषण येत नाही.

रिकामी झालेली ती वर्गखोली मला दुसऱ्या प्रयोगशाळेसाठी मिळाली. कधीपासून मागतच होते.

मुलगी पुण्यात पुरातत्त्व शिकते. सुट्टीत आली तेव्हा माझ्यासोबत शाळेत आली, त्या खोलीत शिरली, बेंचांमधून चालत फळ्यापाशी जाऊन थांबली.

"सर इथे उभे राहायचे. इथेच सिंक कशाला लावलंस?"

"पाण्याचा पाइप तिथूनच येतो," मी म्हटलं.

तिने नळ सोडला, बंद केला. "मम्मी, हे पाहिलेलं, ऐकलेलं की ठोकलेलं?" पाइप खरंच तिथूनच येतो.