फीचं मी बघतो

विनायककाकांनी माझ्या बाबांना फसवलं. बाबा हे अजून मान्य करत नाहीत, म्हणून मीच लिहिते.

काका बाबांचे शाळेपासूनचे मित्र, अमेरिकेत चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. नागपुरात त्यांचं घर अर्धवट बांधून पडलं होतं. बाबा नुकतेच रिटायर झाले होते आणि मला अमेरिकेत मास्टर्स करायचं होतं. सौदा साधा होता. बाबांनी पीएफच्या पैशातून काकांचं घर पुरं करायचं, काकांनी तिकडे डॉलरमध्ये माझी फी भरायची. काका फोनवर म्हणाले, "फीचं मी बघतो," आणि तेवढ्यावर बाबांनी पीएफ मोकळा केला.

२००२च्या ऑगस्टमध्ये मी निघाले, तेव्हा विमानतळाच्या वाटेवर बाबांनी गाडी वळवून मला ते घर दाखवलं. आत फरशी बसवणं चालू होतं.

"काकांकडून लिहून घेतलं का?" मी विचारलं.

"घरच्या माणसाकडून काहून लिहून घ्यायचं, पोरी?"

आईनं मला चिमटा काढला. इतवारीच्या बाजारात मी दुकानदाराशी भांडून भाव पाडायची तेव्हा हीच आई शेजारी उभी राहून हसायची. त्या दिवशी मात्र तिनं डोळे वटारले. मी गप्प बसले. त्यानंतर पैशाच्या बाबतीत मी कुठेच गप्प बसलेली नाही.

पहिल्या सेमिस्टरची फी काकांनी भरली. दुसरी भरायची वेळ आली तेव्हा त्यांच्या बॅकयार्डमध्ये स्विमिंग पूल खणायला घेतला होता. मी बस बदलत चँडलरला गेले.

"काका, शुक्रवारी फीची लास्ट डेट आहे."

"अगं, मार्केट बघतेस ना? आमच्याकडे ले-ऑफ चालू आहेत. तू एक सेमिस्टर गॅप घे ना."

"गॅप घेतली तर व्हिसा जातो. परत जावं लागेल."

"मग जा. नागपूर काय वाईट आहे?"

काकू म्हणाल्या, "आधी जेवून घे."

"काकू, जेवायला नाही आले. काका, तुम्ही बाबांना म्हणाला होतात, फीचं मी बघतो."

"बघतो म्हणालो होतो. भरतो म्हणालो होतो का?"

मी चप्पल घातली आणि निघाले. मागे त्या खड्ड्यातल्या मशीनचा आवाज चालू होता.

दुसऱ्या दिवशी मी युनिव्हर्सिटीच्या फी ऑफिसात उभी होते. काउंटरवरची बाई म्हणाली, फीमध्ये घासाघीस चालत नाही. मी म्हटलं, फी राहू द्या, तारखांचं बोलू. तिनं मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं हप्ते बांधून दिले. हप्त्यांसाठी मी कॅम्पसच्या किचनमध्ये भांडी घासली. घरी कधी ताटसुद्धा उचललं नव्हतं. मग कळलं, आमच्या एका प्रोफेसरकडे पेपर तपासायला माणूस कमी आहे. त्याला जाऊन सांगितलं, दोघांचं काम करते, पगार एकाचा दे, पण फी माफ करून दे. तो हसला. मी हसले नाही. त्यानं फी माफ करवली. डिग्री मिळाली, इथे फ्रिस्को शहरात नोकरी मिळाली. इथल्या मराठी मंडळात लोक म्हणतात, बरं झालं, त्यामुळेच तू घडलीस. मी सांगते, मला घडवायला कोणी बाबांचे पैसे बुडवायची गरज नव्हती.

बाबांना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, "विन्याची काही अडचण असेल." काकांच्या घराची चावी आजही बाबांकडेच आहे. दर रविवारी ते जातात, खिडक्या उघडतात, झाडांना पाणी घालतात. नागपूरच्या उन्हात, या वयात, स्कूटरवर.

आता, २००८मध्ये, मार्केट पुन्हा पडलंय. काकांच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे. गेल्या आठवड्यात काकांनी बाबांना फोन केला: घर विकायचंय, गिऱ्हाईक तू बघ.

बाबा म्हणाले, "बघतो." आणि त्यांनी दोन गिऱ्हाइकं घर दाखवायला नेलीसुद्धा. आमच्या घरात बघतो म्हणजे करतो.

मंडळाच्या कार्यक्रमात विचारतात, तुमच्यासाठी घर म्हणजे काय? माझ्यासाठी घर म्हणजे ते, काकांचं. त्याची फरशी माझ्या फीची आहे आणि मी तिथे एकदाही जेवले नाही.

काका, हे तुमच्यापर्यंत पोचेल, याची मी व्यवस्था केली आहे. तुमच्या मुलीची फी जरूर भरा, तिला गॅप घ्यायला लावू नका. पण घर विकायला नागपूरला याल, तेव्हा चावी बाबांच्या हातून घ्यावी लागेल. मीही तिथे असेन. बाबांसमोर बसा, त्यांच्याकडे बघा आणि सांगा: बघतो म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?