छळाचे दहा मार्क

रिटायर होताना शाळेचं कपाट मी रिकामं करून दिलं. किस्से मात्र डोक्यातच राहिले, आणि आमलीच्या बाजारात जुना विद्यार्थी भेटला की आणखी एक वर येतो. आता त्यांचाही कंटाळा आलाय, पण सांगते.

*

नव्वदनंतरची गोष्ट. सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेत सातवीसाठी छापील फॉर्म आले. वर्गात कोण कोणाला छळतं, कोणाला वगळतं, हे मोजायचं होतं!

मोठे सर म्हणाले, "बाई, मार्क किती?"

"मार्क नाहीत, सर."

"मग पोरं लिहिणार नाहीत. दहा मार्क आहेत म्हणून सांगा!"

सांगितलं. वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

*

"छळ म्हणजे काय, बाई?" योगेशनं विचारलं. वडील फॅक्टरीत, गाव जळगावकडचं.

मी समजावलं. नावं ठेवणं, नक्कल करणं, डबा लपवणं.

त्याचा चेहरा एकदम खुलला. "बाई, हाई ते आम्ही रोजच करतस!"

*

हे रोज चालायचं ते लखमीवर. खानवेलची वारली मुलगी, हॉस्टेलला राहायची, शेवटच्या बाकावर एकटी. तिनं तोंड उघडलं की वर्ग तिच्या बोलीची नक्कल करायचा. मी ओरडले, बाक बदलले, काही उपयोग झाला नाही.

एकदा तिचे वडील बसनं आले आणि दारातच उभे राहिले. "बाई, पोरीला कोनी खेळाय घेत नाय. दिवाळीपर्यंत बघतो, नायतर घरी नेतो."

"मी बघते," म्हणाले. काय बघणार होते, कपाळ!

*

मार्क म्हटल्यावर पोरांनी पहिल्या नंबरच्या संदेशची कॉपी केली! 'जवळचा मित्र कोण?' संदेशनं लिहिलं योगेश, म्हणून वर्गभर योगेश. खुद्द योगेशनंही योगेशच लिहिलं!

'खेळात कोणाला घेत नाही?' वर्गभर लखमी.

मोठे सर खूश. "केवढं एकमत आहे, बाई!"

*

कॉपी नसलेला फॉर्म एकच निघाला, लखमीचा. तिच्या शेजारी बघून लिहायला कोणी नव्हतंच.

'खेळात कोणाला घेत नाही?' ती जागा कोरी.

'खेळात कोणाला घ्याल?' तिथं तीनच रेघा होत्या. त्या संपल्यावर समासात, मग पाठच्या पानावर, हजेरीच्या क्रमानं तिनं सगळा वर्ग लिहिला होता. संदेश, योगेश, सगळे.

आणि खाली दोन शब्द. 'दिवाळीआधी या.'