उखा फिटरचा नमस्कार

बमरोलीच्या कापड कारखान्यात ऐंशी लूम. सगळे एकदम ओरडतात. शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. त्या कल्लोळात उखा फिटर म्हणायचा, "सतरा नंबर आजारी आहे." मग चहाच्या सुट्टीत तो आजार तोंडाने वाजवून दाखवायचा. "चांगला लूम खटाक्-खट, खटाक्-खट. हा ऐका, खटाक्-खर्रट!" कामगार हसून लोळायचे. लूम खोलला की बेअरिंग खरंच गेलेलं असायचं.

ही कीर्ती ऐकून विद्यापीठाची माणसं आली. कापडवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले, कॉम्प्युटरवाले आणि शेठ, सगळ्यांचं मिळून संशोधन. लूमचं दुखणं आपणहून ओळखणारी डबी बनवायची. त्यांतले योगराज सर नाकातून बोलायचे, "काका, बस एक बार और!" दोन वर्षं उखाने माइकसमोर दुखणी वाजवली. "रिपोर्ट में पहला नाम आपका," सर म्हणाले. उखाने डिंडोलीच्या घरात भिंतीला खिळा ठोकून ठेवला, फ्रेमसाठी.

रोज सकाळी कामगार लूमला हात लावून कपाळाला लावतात. उखाही लावायचा, त्याचा तळवा मात्र जरा जास्त वेळ टेकलेला असायचा. थरथर हातात उतरली की दुखणं कळायचं. कान नंतर. सरांनी त्याचा फोटो काढला. "क्या श्रद्धा है!" उखाला वाटलं, एवढी शिकलेली माणसं, हाताचं काय ते त्यांना ठाऊकच असणार.

डबीच्या उद्घाटनाला उखाची बायको सरलाबाई नवी साडी नेसून आली. फलकावर सात नावं होती. तिने बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. "तुमनं नाव कोठे शे?" तळाशी एवढंच होतं, 'सहकार्य : कारखान्यातील कामगार'. शेठने उखाच्या पाठीवर थाप मारली, "काका, हवे तमारे आंटा मारवानी जरूर नथी." लूम तपासत फिरायच्या उखाच्या फेऱ्या संपल्या. उखाला कापडाच्या घड्या घालायला बसवलं.

तिसऱ्या आठवड्यात चाळीस नंबर मोडायला आला, आणि डबी गप्प. सर धावत आले, उखाला उठवून लूमपाशी नेलं. "काका, जरा देखिए ना. हमसे क्या छूट गया?"

उखाने तळवा टेकवला. मागचा दांडा सैल, लगेच कळलं. त्याने हात कपाळाला लावला.

"क्या हुआ, काका?"

उखाने नाकातून, कल्लोळाच्या वर जाईल असा, हुबेहूब सरांचा आवाज काढला, "क्या श्रद्धा है!"

कामगार खो खो हसले. उखा हसला नाही. तो घड्यांकडे परत गेला.