खिळे टायरला, बुटाला नाहीत!

अमेरिकेतल्या आमच्या ॲन आर्बरचा बर्फ एप्रिलपर्यंत तरी वितळतो. आमच्या सतीशचे किस्से वितळत नाहीत, साचत जातात. एक फावड्यानं शॉव्हेल करून बाजूला टाकावा, तर दुसरा पडायला लागलेला!

सतीश माझा शेजारी. मूळचा नागपूरचा, आयटीतला, एका जागी बसणं ठाऊक नसलेला. यंदा थंडीच्या तोंडावर त्यानं सायकलला खिळ्यांचे टायर बसवले. रबरातले बारीक पोलादी खिळे बर्फात रुततात, चाक घसरत नाही. शुभदावहिनींनी परवानगी दिली, पण अट घालून, "एकदा जरी पडलास, तर सायकल डोनेट!"

* * *

चाक खरंच घसरेना. पण पहिल्याच सिग्नलला सतीशनं पाय टेकला आणि पाय निघाला लेक मिशिगनकडे! खिळे टायरला होते, बुटाला नव्हते. वाचला कसाबसा.

"का बे, चालवताना पडत नाही मी. थांबलो की पडतो!"

"मग रे?"

"मग थांबायचंच नाही!"

* * *

तेव्हापासून लाल सिग्नल दिसला की हा शेजारच्या पार्किंग लॉटमध्ये शिरून चकरा मारतो. माझ्याशी गप्पाही माझ्याभोवती फिरत. मान आखडली माझी! एकदा पोलिसानं हात केला, तर हा त्याच्या गाडीभोवती फिरत ओरडतोय, "ऑफिसर, आय कान्ट स्टॉप!" ऑफिसर तावातावानं उतरला आणि स्वतःच आडवा झाला. सतीश फिरता फिरता, "सॉरी सर! सॉरी सर!"

* * *

थांबायची जागा एकच, घरच्या गॅरेजची कोरडी फरशी. हा रस्त्यातून घंटी वाजवणार, वहिनी आतून बटण दाबून दार उघडणार. एकदा वहिनींची मीटिंग लांबली. सतीशनं ब्लॉकला इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की समोरच्या आजी मला विचारत होत्या, "ही इज प्रेइंग?"

* * *

आणि संक्रांत! आमच्याच रस्त्याच्या टोकाला नलूमावशींकडे हळदीकुंकू. सकाळी पाऊस पडून गोठलेला, रस्त्याची नुसती काच. गाड्या जागच्या हलेनात. वहिनी पैठणी सावरत कॅरिअरवर एका बाजूला बसल्या. मी मावशींच्या दारात बर्फ वितळायला मीठ टाकत होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं, शपथ!

मावशींच्या दारासमोर सायकल पोचली, आणि गोल फिरायला लागली.

"सतीश, थांबव! उतरू दे मला!"

"थांबलो की पडतो! पडलो तर चालेल?"

वहिनी अटीच्या पक्क्या. "मुळीच नाही!"

दारात बायकांची गर्दी. मावशी जुन्या डॉक्टर, इमर्जन्सीत डोकं शांत. स्नोबूट घालून त्या पायरीवर आल्या. पहिल्या फेरीला हळद लावली. दुसऱ्या फेरीला कुंकू, ते कानाला लागलं. तिसऱ्या फेरीला तिळगूळ, तो सतीशच्या तोंडात गेला. पुढच्या फेरीला वाणाचा स्टीलचा डबा वहिनींच्या ओटीत.

मग मावशी ओरडल्या, "शुभदे, नाव घे गं!"

कॅरिअरवरून खणखणीत आवाज आला,

"हळद झाली, कुंकू झालं, फेऱ्या किती घेऊ?
सतीशराव, पडा आता, सायकल देते ठेवू!"