सुमतीआक्कांच्या घरचे दोन बॉक्स

“अण्णा, खालच्या बॉक्सात न्हाय तर वरच्यात बघा की. तिथं असंलच,” त्रिशला म्हणाली.

मी सदलग्यात एका घराच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर रिमोट घेऊन बसलो होतो. मागे खुर्चीत सुमतीआक्का. त्यांचा मुलगा अजित नुकताच अपघातात गेला होता. त्रिशला त्याची बायको. मी निपाणीत सेट टॉप बॉक्स बसवायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. आमच्याकडे निम्म्या तक्रारी प्लग निघाल्याच्या असतात, आणि मी गिऱ्हाइकांना त्यावरून भरपूर झापतो. इथं तोंड उघडायची सोय नव्हती.

आक्कांना एकच कार्यक्रम हवा होता. कन्नड चॅनेलवाले अजितच्या उसात आले होते. ठिबकबद्दल तो थोडा वेळ बोलला होता आणि ते घरात रेकॉर्ड केलं होतं. त्याचा आवाज तेवढाच उरला होता. लग्न, बारसं, सहल, सगळीकडे व्हिडिओ तोच काढायचा. म्हणून तो एकाही व्हिडिओत नव्हता. त्रिशलाने चॅनेलला फोन करून पाहिला होता. जुना एपिसोड त्यांना सापडत नव्हता.

या घरात रेकॉर्डिंगचे दोन बॉक्स होते, एक हॉलमध्ये, एक माडीवर. असल्या बॉक्समध्ये कॉम्प्युटरसारखी हार्ड डिस्क असते. अजितला भारी हौस. त्याने माझ्याकडून दोन्ही बॉक्स वायरने जोडून घेतले होते. खाली रेकॉर्ड केलेलं वर बघता यायचं आणि दोन्ही टीव्हींवर एकच यादी दिसायची.

यादीत नाही म्हणजे वरही नसणार हे मला माहीत होतं, पण त्रिशलाच्या समाधानासाठी आम्ही दोघं माडीवर गेलो. तिथल्या डिस्कवर क्रिकेटच्या मॅचेस होत्या. बाकी काही नाही.

“असं कसं? मी हितंच बसून बघितलाय की त्यो एपिसोड!”

“बघितला असशील. पण तो खालच्या डिस्कवरनं येत हुता. यादी दोन्हीकडं दिसती, माल एकाच ठिकाणी.”

“आमी दोन ठिकाणी हाय म्हणून निर्धास्त. लॉक बी केला न्हाय.”

लॉक केलेलं रेकॉर्डिंग बॉक्स आपणहून पुसत नाही. एका बटणाचं काम.

“पण पुसला कुणी? सुतकात टीव्हीला कुणी हात लावला न्हाय. नंतर बी लावू वाटला न्हाय.”

तेच तर झालं होतं. टीव्ही बंद होता, बॉक्स चालू होता. आईच्या मालिका चुकू नयेत म्हणून अजितने त्या रोज आपोआप रेकॉर्ड व्हायला लावल्या होत्या. एरवी आक्का भाग बघायच्या, बघून झाला की पुसायच्या. आता घरात कुणी बघत नव्हतं आणि मालिका साठत राहिल्या. डिस्क भरली. भरली की बॉक्स सगळ्यात जुनं, लॉक नसलेलं रेकॉर्डिंग काढून जागा करतो. सगळ्यात जुना अजित होता. मी हे तिला हळू आवाजात सांगितलं.

“टिळकवाडीत पुसलेलं परत काढून देणारे हार्ड डिस्कवाले हैत. बेळगावला नेऊन बघूया?”

“त्या जागेवर आता दुसरं लिहिलं गेलंय, त्रिशला. आणि असली डिस्क दुसऱ्या मशीनवर वाचता येत न्हाय. नेऊन काय उपयोग?”

“म्हंजे माझ्या मालिकांनी माझं पोरगं पुसलं व्हय रं?”

दारात आक्का उभ्या होत्या. जिना चढून कधी आल्या कळलंच नाही. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मशीन हाय ते, आक्का. त्याला काय कळतंय,” मी म्हणालो. मला रडू येत होतं.

त्रिशलाने रिमोट ओढून घेतला. “आग लागू दे त्या मालिकांला. समद्या पुसून टाकते.”

आक्कांनी तिचं मनगट धरलं. “नगं गं. माझ्यासाठी त्यानं लावल्याल्या हैत त्या. ऱ्हाऊ देत.”

त्रिशला आक्कांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मग आम्ही खाली आलो आणि मी मालिकांचा एकेक भाग लॉक करत बसलो. आक्का शेजारी बसून प्रत्येक भागाला विचारत होत्या, “ह्यो झाला?”

आता नवा बॉक्स बसवताना मी सगळ्यांना बजावतो. दोन टीव्हींवर दिसतं म्हणजे दोन ठिकाणी आहे असं नाही. जिवाभावाचं असेल ते लॉक करा. घर बंद ठेवणार असाल तर नुसता टीव्ही नको, बॉक्सही बंद करा. लोक हो हो म्हणतात आणि चहा विचारतात.

आक्कांची डिस्क आता काठोकाठ भरलेली आहे. त्यावर नवं काहीच रेकॉर्ड होत नाही. एरवी अशी तक्रार दुसऱ्याच दिवशी येते. सदलग्याहून अजून आलेली नाही.