न खरखरणारा रेडिओ

रेडिओ दुरुस्त करण्यात भाऊचे केस पांढरे झाले होते. खरखर ऐकली की स्टेशन किती सरकलंय ते त्याच्या बोटांना कळायचं. पण एकट्या राहणाऱ्या अक्काची सोबत असलेला हा नवा डिजिटल रेडिओ खरखरतच नव्हता. स्टेशन जरा सरकलं तर आपला आपण जुळवून घ्यायचा, लहानसहान चुका मुकाट्याने भरून काढायचा आणि बोलता बोलता एकदम गप्प व्हायचा.

“तुझ्या भावजींसारखाच आहे,” चहा गाळत अक्का म्हणाली. “त्यांनी तरी कधी कुरकुर केली? सकाळी हसत कामावर गेले आणि दुपारी संपलेच.”

भाऊने रेडिओ फ्रिजजवळून उचलून खिडकीत ठेवला. तो खणखणीत बोलू लागला.

“झाला दुरुस्त?”

“काय माहीत. मी तर उघडलाही नाही.”

“आणि म्हणे एवढी वर्षं दुकान चालवलं.”

भाऊ डोकं खाजवत बसला. आता हा ठणठणीत आहे की बंद पडायला टेकलाय, हे ओळखायचं कसं? निघताना चपला घालता घालता तो म्हणाला, “अक्का, काही दुखलंखुपलं तर सांगत जा.”

“मला काय झालंय?”

“तेच तर कळत नाही,” भाऊ म्हणाला.