दोर आत्याबाईंच्या हाती

आमच्या मळ्यातल्या पायविहिरीत दरवर्षी गाळ साचतो आणि घरात त्या विहिरीचे किस्से साचतात. गाळ निदान उपसता येतो. किश्श्यांचं तसं नाही. भाजीच्या जुड्या बांधताना कुणीतरी एखादा काढतोच. मी लग्न होऊन या घरात आले त्याला दीड वर्ष झालं. नव्या सुनेला बोलायचं काम कमी, त्यामुळे ऐकायचं भरपूर! आता माझ्याजवळही चार-सहा जमलेत.

मळा वाशीमच्या बाहेर. विहिरीचं पाणी भर उन्हाळ्यातही असं गार, की पाय बुडवला तर दातावर दात आपटतात. माझं माहेर मेडशीचं, पण आजोळ नदीकाठचं. तिथल्या डोहात मी लहानपणी मनसोक्त बुड्या मारल्यात. म्हणून आल्या दिवसापासून एकच इच्छा: या विहिरीचा तळ एकदा पाहायचा. पण सासरी हे सांगायचं कुणाला?

*

विहिरीत काही पडलं की मामाजी, म्हणजे माझे सासरे, बुडी मारतात. त्यांच्या कमरेला दोर, दोराचं टोक पायरीवरच्या माणसाच्या हाती. आमच्याकडची रीत अशी, की वरच्यानंही सोबत श्वास धरायचा. आपला दम संपत आला की दोर ओढायचा. खालच्याचाही संपत आला असणार! तीस वर्षं हे काम माझ्या सासूबाईंचं. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

एकदा त्यांच्या बोटाला खुरपं लागलं, म्हणून दोर मला मिळाला. मी डोळे मिटले, श्वास धरला. मामाजी बादली घेऊन वर आले, दोर सोडला, अंग पुसलं, तंबाखू मळली. मी आपली तशीच!

"अवं सूनबाई, सोड आता! मी कवाचा वर आलो!"

सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

*

सून विहिरीत वाकून पाहत असली, की लोकांच्या मनात एकच शंका येते. हे मला उशिरा कळलं.

एका सकाळी तळाशी काहीतरी चमकलं, म्हणून मी काठावरून जरा जास्तच वाकले. शेजारच्या मळ्यातली गयाबाई बोंबलत धावली आणि मला मागून मिठीच मारली. "बाप्पा बाप्पा! काय तरास हाय वं तुले? सासू बोलली का? नवरा मारते का?"

"नाही वं मावशी. मासे पाहून राह्यली होती."

"मासे!" गयाबाई रडायलाच लागली. "सांगत बी नाही बिचारी!"

दुपारपर्यंत चार बायका मला समजावून गेल्या. संध्याकाळी आमच्या ह्यांनी वाशीमहून पावशेर जिलेबी आणली आणि दबकत विचारलं, "खरंच मासे व्हते?"

खरंच होते. जिलेबीही चांगली होती.

*

माझे दीर पुंडलिक भाऊजी डोकेबाज. त्यांनी रॉकेलचा रिकामा डबा घेतला, बूड कापून तिथं काच बसवली आणि मेणानं सांधली. डबा पाण्यावर दाबून धरायचा, वरून तोंड घालायचं, की खालचं सगळं लख्ख दिसतं!

काच कुठून आणली, ते संध्याकाळी दिवा लावताना कळलं. गणपतीच्या तसबिरीला काच नव्हती.

आत्याबाई तसबिरीसमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "वा रे पुंडलिका! देव उघड्यावर अन् बेंडकं काचंत!"

तरी दुसऱ्या दिवशी डब्यापुढे ही रांग. मामाजींनी पाहिलं, ह्यांनी पाहिलं, गडीमाणसांनी पाहिलं, गयाबाईनं तर दोनदा. माझी पाळी आली आणि मेण सुटलं. डबा पाण्यानं भरला.

*

मग ह्यांना चेव आला. पपईच्या पानाचा पोकळ देठ तोंडात धरून हे पाण्याखाली बसले; टोक वर, हवा आत. क्षणभर सगळे थक्क! आणि मग हे असे उसळून वर आले, की दोन पायऱ्या भिजल्या.

"काय झालं? पानी गेलं का नाकात?"

हे नुसतेच थुंकत राहिले. देठात मुंगळा होता. आठ दिवस जीभ जड. घरात तेवढीच शांतता.

*

विहिरीची कीर्ती शाळेतल्या मास्तरांपर्यंत गेली. ते वही घेऊन आले. पौषात आले तेव्हा नितळ पाण्यात मासोळ्या. चैत्रात आले तेव्हा उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर गोगलगायी आणि कपारीत खेकडे. श्रावणात पाणी वरून चौथ्या पायरीला टेकलेलं, तेव्हा शेपटीवाली बेडकांची पिल्लं आणि त्यांच्यामागं फिरणारा दिवड जातीचा पाणसाप. एकच विहीर, पण दर खेपेला वेगळंच बिऱ्हाड!

"पाणी स्वच्छ राहावं म्हणून जुन्या लोकांनी कासव सोडलं असेल," मास्तर म्हणाले. "आहे का?"

"तीस वर्सं बुड्या मारून राह्यलो," मामाजी म्हणाले. "कासव नाही म्हंजे नाही!"

मेथी निवडता निवडता आत्याबाई म्हणाल्या, "हाय."

"तुले काय मालूम?"

"हाय म्हणून राह्यली ना."

"लिवा मास्तर," मामाजी हात जोडून म्हणाले. "मळा माहा, विहीर माही, अन् कासव हिचं!"

मास्तरांनी वहीत कासवापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

*

गेल्या बाजाराच्या दिवशी पुरुषमंडळी वांग्यांची गाडी घेऊन वाशीमला गेली. आत्याबाई आणि मी पायरीवर मुळे धूत होतो. आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातातला पितळी लोटा पाण्यात टाकला. पडला नाही. टाकला.

"गेला वं लोटा," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता कोन काढंल?" आणि दोर माझ्यापुढे धरला. "कासोटा आवळून घे."

मी कासोटा आवळला. दोर कमरेला बांधला आणि बुडी मारली.

पहिल्या क्षणाला थंडीनं हाडं वाजली. मग हिरवा उजेड. बुडालेल्या पायऱ्या एकामागून एक खाली गेलेल्या, मासोळ्या माझ्या बांगड्यांना टोचा मारून पाहत होत्या, आणि तळाच्या मऊ गाळात लोटा उभाच्या उभा. मी सगळीकडे पाहून घेतलं, पोट भरेपर्यंत. दोर ओढला गेला नाही. माझाच दम सरला तेव्हा वर आले.

आत्याबाईंनी श्वास सोडला. मी लोटा त्यांच्या हाती दिला.

"सगळं पाह्यलं, आत्याबाई. कासव काही नाही."

"डाव्या अंगाले, शेवटच्या पायरीखाली खबदाड हाय. तिथं हात घातला का?"

"नाही."

"थ्या खबदाडात रायते थे. पाठीचा टवका उडेल हाय, उजवीकून."

तिथवर बुडी मारल्याशिवाय हे कुणाला कळणार! आत्याबाईंनी पदर खोचला, माझ्या कमरेचा दोर मुठीत घट्ट धरला, छाती भरून श्वास घेतला आणि लोटा परत पाण्यात टाकला.